पाचव्या पायरीवरचा न्याय

आज एका निकालपत्राचं वाचन करायचं आहे. आम्ही वकील नाही, कायद्याचे प्राध्यापकही नाही. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. तेव्हा कायदेशीर सल्ला म्हणून हे कोणी ऐकू नये. पण निकालपत्र हाही युक्तिवादच असतो, आणि युक्तिवाद कुठे घट्ट बसला आहे, कुठे सैल पडला आहे, हे पाहणं हा आमचा जुना धंदा. त्या नजरेनं आपण सर्वोच्च न्यायालयाचा १० एप्रिल २०२४ चा निकाल वाचणार आहोत. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन विरुद्ध दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्सप्रेस. पहिली सरकारी कंपनी, दुसरी रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या गटातली.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. या निकालाचं उत्तर बहुधा बरोबर आहे. पण तो प्रश्न त्या टप्प्यावर पुन्हा विचारायला नको होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पटवून देता आलं तर आजचं व्याख्यान सत्कारणी लागलं असं आम्ही समजू.

आता तुम्ही विचाराल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा उद्योग कुठून सुचला? तर आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. विकसक मध्येच थांबला, भाडं देणं बंद झालं. करारात लवादाचं कलम होतं. निवृत्त जिल्हा न्यायाधीश लवाद म्हणून बसले, दोन वर्षांत निवाडा आमच्या बाजूनं लागला, पेढे वाटले. त्यानंतर समजलं, की निवाडा लागणं ही सुरुवात असते. विकसक जिल्हा न्यायालयात गेला, हरला, मग उच्च न्यायालयात अपिलात गेला. अपील अजून बोर्डावर आहे. पेढे खाल्लेल्यांपैकी तिघे आज हयात नाहीत. असो. त्या खटपटीत आम्ही कलमं वाचायला लागलो, आणि वाचता वाचता हा निकाल हाती आला. विकसकाच्या वकिलांनीच तो आमच्याविरुद्ध पुढे केला होता!

थोडी पायाभरणी करू. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी आपखुशीनं निवडलेला न्यायाधीश. १९९६ चा लवाद आणि सलोखा कायदा म्हणतो, त्याचा निवाडा अंतिम. मग कोर्टाची गरज कुठे? कलम ३४ मध्ये. तिथे निवाडा रद्द करून मागता येतो. पण कारणं मोजकी. पक्षाला बाजू मांडू दिली नाही, लवाद त्याच्या अधिकाराबाहेर गेला, निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, किंवा देशांतर्गत निवाड्याच्या तोंडावरच उघड बेकायदेशीरपणा दिसतो, अशी. केवळ कायदा चुकीचा लावला म्हणून, किंवा पुरावा नव्यानं तोलून बघू म्हणून, निवाडा मोडता येत नाही. हे कायद्यातच लिहिलं आहे. आणि या ३४ खालच्या आदेशावर अपील आहे ते कलम ३७ खाली. ते कलम मुद्दाम वाचा. फार चिंचोळं दार आहे. प्रकरण लवादाकडे पाठवायला कोर्टानं नकार दिला तर अपील आहे. पाठवलं तर नाही. आपल्याला अधिकारच नाही असं लवाद म्हणाला तर अपील आहे. अधिकार आहे म्हणाला तर नाही, निवाडा येईपर्यंत थांबा. कोर्टानं लवाद नेमून दिला, तर त्या नेमणुकीवर या कलमाखाली अपील नाही. म्हणजे लवादाच्या वाटेत जे आडवं येतं त्याच्याविरुद्ध बहुतेक दाद आहे, वाट मोकळी करणाऱ्या आदेशाविरुद्ध बहुतेक नाही. अंतरिम उपाय देणं किंवा नाकारणं, आणि निवाडा रद्द करणं किंवा न करणं, एवढ्याच बाबतींत दार दोन्ही बाजूंनी उघडतं. या अपिलावर दुसरं अपील नाही. सर्वोच्च न्यायालयात जायची वाट मात्र शाबूत ठेवली आहे.

या चिंचोळेपणामागे अनुभव आहे. आधीचा १९४० चा कायदा वकिलांना हसवत होता आणि कायद्याच्या तत्त्वज्ञांना रडवत होता, अशा आशयाचं वाक्य न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी १९८१ साली गुरु नानक फाउंडेशनच्या निकालात लिहून ठेवलं आहे. तत्त्वज्ञांची आठवण कोर्टाला क्वचितच होते, म्हणून आम्ही ते जपून ठेवलं.

आता प्रकरण. नवी दिल्ली स्टेशन ते विमानतळ आणि पुढे द्वारका, अशी मेट्रोची एक मार्गिका. २००८ साली करार झाला. पूल, खांब वगैरे स्थापत्याचं काम मेट्रो कॉर्पोरेशनचं. रूळ, गाड्या, यंत्रणा आणि पुढची तीस वर्षं चालवणं खासगी कंपनीचं. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये कंपनीनं ती बंद केली. उन्नत मार्गाच्या तुळया आणि बेअरिंगांमध्ये दोष आहेत म्हणाली. ९ जुलैला नोटीस दिली: दोष दुरुस्त करा. नव्वद दिवस भरले आणि ८ ऑक्टोबर २०१२ ला कंपनीनं करार संपवल्याची नोटीस काढली. पुढची गंमत ऐका. त्यानंतर दोघांनी मिळून मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे अर्ज केला, आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये परवानगी दिली, ताशी ५० किलोमीटरची मर्यादा घालून. आणि गाडी पुन्हा धावू लागली. करार संपवलेल्या त्याच कंपनीनं ती जूनअखेरपर्यंत चालवली. मग सोडून दिली.

तीन सदस्यांच्या लवाद मंडळानं ११ मे २०१७ रोजी एकमतानं कंपनीच्या बाजूनं निवाडा दिला. रक्कम २७८२.३३ कोटी रुपये, वर व्याज. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मार्च २०१८ मध्ये निवाडा कायम ठेवला. कलम ३७ खाली अपील झालं. खंडपीठानं जानेवारी २०१९ मध्ये निवाडा रद्द केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी दोन न्यायमूर्तींनी खंडपीठाला चूक ठरवून निवाडा पुन्हा उभा केला. फेरविचार याचिका नोव्हेंबर २०२१ मध्ये फेटाळली गेली. इथे संपलं असं कोणीही म्हणेल. पण मेट्रोनं क्युरेटिव्ह याचिका दाखल केली, आणि १० एप्रिल २०२४ ला तीन न्यायमूर्तींनी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्य कांत यांनी, स्वतःच्याच न्यायालयाचा २०२१ चा निकाल पुसून खंडपीठाचा निकाल परत आणला. तोवर व्याजासह आकडा आठ हजार कोटींच्या आसपास गेला होता. सक्तीनं वसूल झालेली रक्कमही मेट्रोला परत करा, असा हुकूम झाला.

आता आपण डोकी मोजू. निवाडा टिकतो असं म्हणणारे: तीन लवाद, एक एकल न्यायाधीश, सर्वोच्च न्यायालयाचे दोन. सहा. टिकत नाही म्हणणारे: खंडपीठाचे दोन, शेवटचे तीन. पाच. न्याय डोकी मोजून होत नाही हे आम्हांला ठाऊक आहे, पण इथे मोजणीला वेगळाच अर्थ आहे. निवाडा कधी रद्द करायचा? तो विपर्यस्त असेल तेव्हा. विपर्यस्त म्हणजे काय? कोणताही समंजस माणूस ज्या निष्कर्षाला पोचणारच नाही असा निष्कर्ष. ही कसोटी न्यायालयानंच वर्षानुवर्षं सांगितलेली आहे, आणि या निकालातही ती तशीच मांडली आहे. मग बघा: सहा जाणती, अनुभवी माणसं ज्या मताला ‘शक्य आहे’ म्हणतात, ते मत ‘कोणाही समंजस माणसाला अशक्य’ कसं ठरेल? या सहांना समंजस माणसांच्या यादीतून वगळल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. निकालपत्रात तसं कोणी लिहिलेलं नाही. लिहिणंही शोभलं नसतं. पण तर्काची ती गरज आहे, आणि ती गरज न बोलता भागवली आहे. आमच्या मते निकालाचा सैल सांधा हाच.

न्यायालयाची बाजूही नीट सांगायला हवी, नाहीतर आम्हीच अन्याय केल्यासारखं होईल. न्यायालय म्हणतं, निष्कर्ष शक्य होता की नाही हा मुद्दाच नाही. त्या निष्कर्षाला पोचताना लवादानं काय वाचलंच नाही ते पाहा. करारात म्हटलं होतं, नव्वद दिवसांत दोष दुरुस्त केला नाही किंवा दुरुस्तीसाठी परिणामकारक पावलं उचलली नाहीत, तर करार संपवता येईल. म्हणजे कलमात दोन गोष्टी होत्या: दुरुस्ती आणि पावलं. लवादानं सगळा भर दुरुस्ती पुरी झाली का यावर दिला. पावलं उचलली त्यांचं काय, ती परिणामकारक का नव्हती, याचं कारण दिलंच नाही. आणि ज्या आयुक्तांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्यांचा दाखला ‘या मुद्द्याशी संबंध नाही’ म्हणून बाजूला ठेवला.

हा युक्तिवाद आम्हांला पटतो. घरमालकानं भाडेकरूला सांगितलं, नव्वद दिवसांत गळती थांबव किंवा थांबवायच्या कामाला लाग; भाडेकरूनं गवंडी लावला, परात-थापी चालू आहे; आणि पंच म्हणतात, अजून थेंब पडतोय, तेव्हा अट मोडली. अहो, ‘किंवा’ गेला कुठे? एका उभयान्वयी अव्ययावर काही हजार कोटी लोंबकळत होते. खंडपीठानं २०१९ मध्ये हे अचूक पकडलं होतं असं आमचं मत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातही हे चुकलं तर आम्ही गुण कापले असते.

मग तक्रार काय उरली? तक्रार पायरीची आहे. ‘परिणामकारक पावलं’ या शब्दांचा मुद्दा २०२१ च्या दोन न्यायमूर्तींपुढे होता. आयुक्तांचा दाखलाही होता. त्यांनी म्हटलं, लवादानं दोन्हींचा विचार केला आहे आणि त्याचा अर्थ शक्य कोटीतला आहे. २०२४ मध्ये नवा कागद आला नाही, नवा साक्षीदार आला नाही, कोणाची लबाडी उघड झाली नाही. त्याच कागदांवर, त्याच मुद्द्यावर, तीन वेगळ्या माणसांनी वेगळं मत दिलं. क्युरेटिव्ह याचिका ही चीज संसदेनं केलेली नाही, कलम ३७ मध्ये तिचा मागमूस नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये रूपा अशोक हुर्रा प्रकरणात ती स्वतः घडवली. कशासाठी? पक्षाला ऐकूनच घेतलं नाही, न्यायाधीशाचे हितसंबंध गुंतलेले होते, अशा प्रसंगांसाठी, आणि न्यायाचा घोर विपर्यास झाला तर तो निस्तरण्यासाठी. यातलं पहिलं-दुसरं इथे नव्हतं. उरलं तिसरं. आणि ‘घोर विपर्यास’ म्हणजे काय, याचं उत्तर निकालपत्रात शेवटी एवढंच मिळतं, की खंडपीठाच्या बरोबर निकालात आमच्या न्यायालयानं विनाकारण हात घातला. म्हणजे चूक झाली. चूक आणि विपर्यास यांत फरक राहिला नाही, तर दर चुकीला पाचवी पायरी उघडेल.

हे न्यायालयाच्याही लक्षात आलं असावं. निकालाच्या शेवटी बजावलं आहे, की क्युरेटिव्ह अधिकार सरसकट वापरू नये, लवादाच्या निवाड्यात चौथी-पाचवी पायरी निर्माण करण्यासाठी त्याचे दरवाजे उघडू नयेत. आम्ही हे वाचून थोडे हसलो. ‘इथून आत येऊ नये’ ही पाटी आत जाऊन लावलेली आहे.

आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट इथे उपयोगी पडते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प, वितंडा. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा नुसता पाडायचा. आपण ‘वितंडवाद’ शिवीसारखा वापरतो, पण सूत्रकारांनी त्याला जागा दिली आहे. कलम ३४ आणि ३७ खालचं न्यायालय हे कायद्यानं बसवलेलं वितंडेचं आसन आहे. त्याला निवाडा पाडता येतो, त्याच्या जागी स्वतःचा उभा करता येत नाही. हे बंधन चांगल्या हेतूचं आहे. पण परिणाम काय होतो पाहा. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीनं करार संपवला तो रीतसर होता की नव्हता? एकदाच, लवादानं, उत्तर दिलं आणि ते पुसलं गेलं. बारा वर्षं, अकरा माणसं, आणि त्याच्या जागी निवाडा म्हणून दुसरं काही उभं नाही.

(एप्रिल २०२५ मध्ये, ३० तारखेला, गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं निवाड्यात मर्यादित फेरफार करायची मुभा दिली: चांगला भाग वाईटापासून वेगळा काढणं, आकडेमोडीची चूक सुधारणं, निवाड्यानंतरचं व्याज बदलणं वगैरे. न्या. विश्वनाथन यांनी विरोधी मत नोंदवलं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.)

त्याच न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थानं दिली आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे पोचलात की हरलात, चर्चा संपली. त्यांत एक आहे पुनरुक्त: तेच तेच पुन्हा बोललात की हार. सत्य सापडलं म्हणून चर्चा संपते असं त्या लोकांनी गृहीत धरलं नाही. ती कुठे थांबवायची हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर अनवस्था होते, पुराव्याला पुरावा आणि त्याला पुन्हा पुरावा.

आपल्याकडे व्यवहारातही हे भान होतं. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी पंचांपुढे उभे राहण्याआधी राजीनामा लिहून देत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा राजी असल्याचा कागद, की जो निवाडा होईल तो मान्य. आणि निवाडा झाल्यावर हरणारा जिंकणाऱ्याला येजितखत लिहून देई: मी खोटा झालो, माझा दावा राहिला नाही. हरलेल्याच्या हातचा कागद! तरी वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या पुन्हा उकरले जात, ते सोडा, माणूस तोच. पण अंतिमपणा कोर्टानं लादण्याआधी पक्षांनी स्वतः मान्य करायचा असतो, ही कल्पना त्या कागदांत होती. आज करारात ‘निवाडा अंतिम व बंधनकारक’ असं छापलेलं असतं, आणि सही करताना दोन्हीकडचे वकील कलम ३४ आणि ३७ च्या मुदती मनात मोजत असतात.

मुदतींवरून आठवलं. महाराष्ट्र सरकारच्या जलसंपदा विभागाचं एक प्रकरण, बोरसे ब्रदर्सविरुद्ध, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. कलम ३७ चं अपील साठ दिवसांत करायचं. विभागानं त्यापुढे आणखी १३१ दिवस लावले. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. न्यायालयानं सांगितलं, अशा अपिलात उशीर माफ करणं हा अपवाद, नियम नाही, कारण या कायद्याचा प्राणच झटपट निकालात आहे. सरकारचं अपील गेलं. निकाल आम्हांला योग्यच वाटतो. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. १३१ दिवसांचा उशीर खपत नाही, कारण समोरच्यानं जिंकलेलं स्थिर झालं पाहिजे. आणि सर्वोच्च न्यायालयानं अंतिम म्हटलेल्या निकालानंतर अडीच वर्षांनी तेच जिंकलेलं काढून घेता येतं. पैसा जनतेचा होता, रक्कम मोठी होती, हे खरं. त्यातून सरकारी तिजोरी वाचली याचा करदाता म्हणून आम्हांलाही आनंद आहे. पण रकमेचा मोठेपणा हे चौकशी पुन्हा उघडायचं कारण असेल, तर तसं उघड लिहावं. मग लहान रकमेच्या माणसालाही कळेल की त्याच्यासाठी किती पायऱ्या आहेत.

आमच्यासाठी सध्या एक पायरी शिल्लक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत नाही, न्यायालयाकडून मागावी लागते. ती देताना विकसकाला निम्मी रक्कम कोर्टात भरायला लावली आहे. ती आम्हांला उचलता येईल, पण बँक हमी देऊन, म्हणजे अपील हरलो तर परत करता यावी म्हणून. सोसायटीत बहुतेक सगळे पेन्शनर. हमीसाठी बँक मुदत ठेव मागते. एका सभासद बाई आम्हांला म्हणाल्या, “सर, माझंच भाडं मला मिळावं म्हणून मी माझीच ठेव अडकवायची का?” आम्ही त्यांना कलम समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढची तारीख कधी आहे ते कॅलेंडरवर लिहून घेतलं.